बाथरूमच्या फरशीचे सांधे: ॲसिडशिवाय सफाई आणि नंतरची निगा

दिवाळीच्या साफसफाईत बाथरूमच्या फरशीवर ॲसिड ओतलं की फेस येतो, नाकाला झोंबणारी वाफ उठते आणि पाच मिनिटांत टाइल्समधले काळे सांधे पांढरे दिसायला लागतात. होळी येईपर्यंत तेच सांधे आधीपेक्षा काळे झालेले असतात. कारण त्या फेसातच आहे. फसफसतं ते सिमेंट, मळ नव्हे. सांध्यात भरलेलं व्हाइट सिमेंट किंवा ग्राउट (सांधे भरायची तयार सिमेंटची पावडर) यांत चुन्याचा अंश असतो आणि दुकानात ‘ॲसिड’ म्हणून मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड नेमका तोच विरघळवतं. मळकट थर सिमेंटसकट निघून जातो, म्हणून सांधा पांढरा दिसतो. खाली उरतो तो खडबडीत, बारीक छिद्रांचा पृष्ठभाग. साबणाचं पाणी त्यात आणखी खोल मुरतं, मळ आणखी घट्ट बसतो, आणि पुढच्या वेळी आणखी ॲसिड लागतं. असं वर्षानुवर्षं चाललं की सांधा टाइलच्या कडेपेक्षा खाली जातो, त्याची नाली होते आणि वायपर कितीही फिरवला तरी तिच्यात पाणी राहतंच.

म्हणून ॲसिड बाद करा. टॉयलेट क्लीनरही फरशीवर नको, कारण त्यांतल्या बहुतेकांत हेच ॲसिड असतं. ते कमोडच्या चिनी मातीसाठी बनवलेलं आहे, सिमेंटसाठी नाही. घरातले बहुतेक सांधे धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि ब्रश एवढ्यावर साफ होतात. फक्त सांधा कशाचा आहे आणि मळ कोणता आहे, हे आधी ओळखावं लागतं.

सांधा कशाचा आहे?

फरशी पूर्ण कोरडी असताना सांध्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब मुरून सांधा गडद झाला तर तो सिमेंटचा आहे आणि त्यावर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रव, लावलेलं नाही. थेंब तसाच उभा राहिला तर सांधा इपॉक्सीचा (सिमेंटऐवजी प्लॅस्टिकसारख्या राळेचा) आहे किंवा सीलर अजून काम करतोय. मग दाराच्या कडेचा, सहज न दिसणारा सांधा नाण्याने हलकेच खरवडा. पांढरी भुकटी सुटली तर ते नुसतं व्हाइट सिमेंट. जुन्या इमारतींत बहुतेक तेच असतं. बारीक रेती हाताला लागली आणि भुकटी फारशी सुटली नाही तर तयार ग्राउट. प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत, नाण्याला दाद न देणारा सांधा इपॉक्सीचा.

इपॉक्सीला पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ ब्रश पुरतो. त्यावर जोरकस रसायनं वापरली तर रंग पिवळट पडतो, दुसरा काही लाभ होत नाही. पुढचं बरंचसं विवेचन सिमेंटच्या सांध्यांसाठी आहे.

आणखी एक गोष्ट तपासा: शेजारची फरशी कोणती आहे? मार्बल, कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. त्यांच्यावर लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा चालत नाही. चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो आणि तो पॉलिश केल्याशिवाय निघत नाही.

मळ कोणता आहे?

काळपट-करडा, बोटाला बुळबुळीत लागणारा थर म्हणजे साबण, अंगाचा मळ आणि तेल. ज्या घरी बादलीने आंघोळ होते तिथे हा थर ठरावीक जागीच दिसतो: बादली ठेवायची जागा, नळाखालच्या दोन टाइल्स आणि जाळीकडे जाणारा उतार. काळे ठिपके, विशेषतः भिंतीच्या कोपऱ्यात आणि खिडकी नसलेल्या बाजूला, ही बुरशी. जाळीभोवतीचा गुलाबी-नारिंगी चिकटा जिवाणूंचा असतो आणि ब्रशने लगेच सुटतो. टाइलवर पांढरट, खरखरीत, नखाने न निघणारा थर असेल तर ते बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार. तांबूस-तपकिरी ओघळ लोहाचा: पाण्यातल्या लोहाचा किंवा गंजलेल्या स्टँडचा.

पुसलेली पांढरी भुकटी आठ दिवसांत पुन्हा सांध्यातूनच वर येत असेल तर तो मळ नाही, लोणा आहे. खालून ओल येतेय आणि ती येताना क्षार वर आणतेय. असा सांधा घासून काही होणार नाही. त्याचं शेवटी बघू.

पहिला हात सोड्याचा

मळ कोणताही असो, सुरुवात इथूनच करा. साबणाचा थर निघाल्याशिवाय खाली बुरशी आहे की क्षार, हे कळतच नाही.

लागेल ते असं: किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा, भांड्याचं लिक्विड, अरुंद आणि कडक नायलॉनचा ब्रश, वायपर, दोन जुने सुती पंचे, रबरी हातमोजे. दात घासायचा जुना ब्रश कोपऱ्यांना ठीक, पण फरशीला तो फार मऊ पडतो. तारेचा ब्रश आणि तारेची घासणी कटाक्षाने टाळा. तिचे बारीक तुकडे सांध्यात अडकतात, गंजतात आणि मग तांबडे ठिपके उमटतात.

१ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि १ छोटा चमचा लिक्विड घाला. खाण्याचा सोडा याच्या जागी चालत नाही, तो फार सौम्य आहे. द्रावण प्लॅस्टिकच्या मगात करा. ॲल्युमिनियमचं भांडं सोड्याने काळं पडतं.

आधी फरशी झाडून केस आणि धूळ काढा. मग एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांचाच तुकडा घ्या. सगळ्या बाथरूमभर द्रावण पसरलं तर शेवटच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत पहिल्या कोपऱ्यातलं सुकतं आणि सुटलेला मळ पुन्हा चिकटतो. सांध्यांवर द्रावण ओता, १५ मिनिटं ठेवा, सुकतंय असं वाटलं तर वरून थोडं शिंपडा. मग सांध्याच्या लांबीने मागे-पुढे घासा. आडवं घासलं की ब्रशचे केस टाइलच्या कडांवर अडकतात आणि मधल्या खोलगट भागाला लागतच नाहीत.

यानंतरच्या पायरीवर सगळ्यात जास्त चूक होते. घासून झाल्यावर काळं पाणी नुसतं मगाने ढकलून देतात. सांधा टाइलपेक्षा जरा खोल असतो, त्यामुळे गढूळ पाणी तिथेच थबकतं आणि सुकल्यावर मळ पुन्हा जागच्या जागी बसतो. काळं पाणी आधी वायपरने जाळीत काढा, उरलेलं पंच्याने टिपून घ्या, मग स्वच्छ पाणी दोनदा टाकून दोन्ही वेळा टिपा. शेवटी पंखा लावा किंवा दार-खिडकी उघडी ठेवा. ओला सांधा नेहमी गडद दिसतो, तेव्हा साफ झाला की नाही याचा निर्णय दुसऱ्या दिवशी, कोरड्यावर करा.

सोड्यानेही न गेलेलं

करडेपणा उरला असेल तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर घ्या. कपड्यांचे डाग काढायला ती मिळते. लेबलवर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. हाताला चटका न बसेल इतक्या गरम १ लिटर पाण्यात ३ मोठे चमचे घालून लगेच वापरा. अर्ध्या तासाने ओतू म्हटलं तर तिचा जोर तिथेच संपायला लागलेला असतो. हे द्रावण झाकणबंद बाटलीत कधीही भरू नका, आत वायू साठून बाटली फुटते. सांध्यावर २० ते ३० मिनिटं ओलं ठेवा, घासा, टिपा. रंगीत ग्राउट असेल तर आधी कोपऱ्यात थोडं लावून दिवसभर थांबा.

बुरशीला मात्र क्लोरीनचं ब्लीच लागतं. लिक्विड ब्लीच असेल तर १ वाटी ब्लीचला ४ वाट्या साधं पाणी. ब्लीचिंग पावडर असेल तर १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरची निवळीच वापरा; खालचा साका सांध्यात गेला तर पांढरा थर धरतो. कापसाच्या किंवा टिश्यूच्या पट्ट्या भिजवून काळ्या सांध्यावर १० मिनिटं चिकटवून ठेवा. भिंतीवर हा उपाय फार उपयोगी पडतो, नाहीतर द्रावण ओघळून खाली जातं आणि बुरशी तिथेच राहते. एक्झॉस्ट चालू, दार उघडं, लहान मुलं बाहेर. शेवटी भरपूर पाण्याने धुवा.

ब्लीच वापरायच्या दिवशी बाथरूममध्ये दुसरं काहीही वापरू नका. टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर, लिंबूसत्त्व यांपैकी काहीही ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो काही श्वासांतच छातीत भरतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही तितकाच वाईट. एकाच सकाळी कमोडला टॉयलेट क्लीनर आणि फरशीला ब्लीच, हा क्रम कितीतरी घरांत सर्रास चालतो आणि दोन्हींची गाठ जाळीत पडते. दोन कामं दोन वेगळ्या दिवशी करा. घरकामाला येणाऱ्या ताई बाथरूम धुत असतील तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा आणि हातमोजे द्या.

क्षारांसाठी सौम्य आम्ल वापरावं लागतं, पण ते टाइलपुरतंच. १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा लिंबूसत्त्व. आधी सगळे सांधे साध्या पाण्याने भिजवून तृप्त करा. पाण्याने भरलेल्या छिद्रांत आम्ल आत शिरत नाही, वरच्या वर राहतं. मग टाइलच्या तोंडावर फडक्याने द्रावण लावा, २-३ मिनिटांत घासा, धुवा, आणि शेवटी १ मग पाण्यात छोटा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून फिरवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. लोहाच्या तांबूस डागालाही हेच द्रावण. सांध्यावर नेमकं डागापुरतं, कापसाच्या बोळ्याने. लोहाच्या डागावर ब्लीच टाकू नका, तो आणखी पक्का होतो.

आणि व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून होणारा तो प्रसिद्ध फेस? आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी राहतं. फेसाने साफ होतंय असं वाटतं, खरं काम ब्रश करत असतो.

ओट्यामागचे आणि हॉलचे सांधे

स्वयंपाकघरात शेगडीमागच्या टाइल्सवर फोडणीचं तेल उडतं आणि त्यावर धूळ बसून ओशट थर होतो. त्याला वरचंच सोड्याचं द्रावण, फक्त पाणी जास्त गरम आणि लिक्विड दुप्पट. हळदीचा डाग असेल तर सोडा लागताच तो लालभडक होईल. घाबरू नका, हळद अल्कलीत लालच होते. ते धुऊन टाका आणि औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावून अर्धा तास ठेवा. ओट्यावर ऊन येत असेल तर त्या वेळेला हे करा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

हॉलमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्सचे सांधे काळे होतात ते बहुतेक पोछ्याच्या पाण्याने. तीन खोल्या एकाच बादलीत पुसल्या की तिसऱ्या खोलीत पोछा पाणी नाही, पातळ चिखल पसरवतो. टाइल गुळगुळीत, तिथून तो निघून जातो, सांध्यात साठतो. दर खोलीला पाणी बदला, पोछा घट्ट पिळा आणि फिनाईल मोजून टाका. जास्त फिनाईलने स्वच्छता वाढत नाही, चिकट थर तेवढा राहतो.

सांधा पुन्हा भरायचा झाला तर

सांध्यातून भुकटी निघतेय, भेगा आहेत, तुकडे सुटलेत किंवा तो इतका खोल गेलाय की नख बुडतं, तर घासणं थांबवा आणि नव्याने भरा. त्याआधी आजूबाजूच्या टाइल्स नाण्याने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. ढप्प आवाज आला तर टाइल खालून पोकळ आहे. पाय पडला की ती हलते आणि नवा सांधा महिन्याभरात तडकतो. आधी टाइल बसवून घ्या.

पावसाळ्यात हे काम काढू नका. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये सांधे आतून सुकतच नाहीत. दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतचा काळ चांगला.

माल किती लागेल ते मोजता येतं. टाइलची लांबी आणि रुंदी यांची बेरीज करा, तिला त्यांच्या गुणाकाराने भागा, मग टाइलची जाडी, सांध्याची रुंदी आणि १.६ यांनी गुणा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं ते एका चौरस मीटरला किती किलो. ३०० बाय ३०० ची टाइल, जाडी ८, सांधा ३ असेल तर पाव किलोच्या किंचित वर. ५ बाय ७ फुटांचं बाथरूम म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. तिथे १ किलोचा पुडा पुरतो. नुसतं व्हाइट सिमेंट घेऊ नका. ते सुकताना आकसतं आणि केसासारख्या भेगा पडतात. पॉलिमर असलेलं तयार ग्राउट थोडं महाग, पण तेच घ्या. रंग फरशीवर राखाडी किंवा बिस्किटी. पांढरा सांधा रोजच्या वापराच्या बाथरूममध्ये पांढरा राहत नाही.

जुना सांधा ग्राउट काढायच्या हत्याराने किंवा हॅक्सॉच्या पानाने टाइलच्या जाडीच्या निम्म्याहून खोल काढा. एक-दोन मिलिमीटर खरवडून वर नवा लेप दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. पान टाइलच्या कडेला टेकवू नका, ग्लेझचा, म्हणजे वरच्या चकचकीत थराचा, टवका उडतो. भुकटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, कारण धुळीवर ग्राउट धरत नाही. टाइल्स एकमेकींना चिकटवून बसवल्या असतील, सांधा जेमतेम अर्धा मिलिमीटर असेल, तर पावडरचं ग्राउट आत जातच नाही; तिथे जाणत्या मिस्त्रीकडून पानाने सांधा रुंद करून घ्यावा लागतो.

भांड्यात आधी पुड्यावर सांगितलेलं पाणी घ्या आणि त्यात पावडर थोडी थोडी टाका. टूथपेस्टइतकं घट्ट झालं पाहिजे. ५ ते १० मिनिटं तसंच ठेवा, पुन्हा ढवळा आणि आता पाणी घालू नका. पातळ ग्राउट सांध्यात पटकन उतरतं, म्हणून पाणी वाढवायचा मोह होतो. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की जागी छिद्रं राहतात, सांधा भुसभुशीत होतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा.

सांधे जरा ओलसर करा, पण पाणी साचलेलं नको. रबरी फ्लोट (रबराच्या तळाची सपाट थापी) तिरका धरून ग्राउट दाबत भरा आणि जास्तीचं तिरप्या दिशेनेच ओढून घ्या. सांध्याच्या रेषेत ओढलं तर फ्लोटची कड आत बुडते आणि माल बाहेर काढते. २० मिनिटांनी बोटाचा ठसा उमटेनासा झाला की घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. स्पंज टपकत असेल तर वरचा थर धुऊन जाईल. दोन-तीन तासांनी टाइलवर दिसणारी पांढरी झाक कोरड्या फडक्याने जाते. २४ तास पाय नको, तीन दिवस आंघोळ नको. पहिले दोन दिवस दिवसातून दोनदा पाण्याचा हलका फवारा दिला तर सिमेंट चांगलं पकतं.

भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा, कमोडची कड, बेसिनची कड इथे ग्राउट भरू नका. या जागा किंचित हलतात आणि कडक सांधा तिथे फुटतोच. तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन हवं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नळीचं टोक ४५ अंशांत कापलेलं, एका दमात सलग ओघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवून ओघ बसवायचा आणि ओला असतानाच टेप काढायची. २४ तास पाणी नको. सिलिकॉनच्या आत काळे ठिपके दिसायला लागले की ब्लीचने ते जात नाहीत. ब्लेडने कापून नवं भरा.

सीलर आणि रोजची निगा

सिमेंटच्या सांध्याला आत मुरणारा सीलर लावला तर पुढची घासाघीस निम्म्याने कमी होते. नवं ग्राउट किमान तीन दिवस पिकू द्या, जुना सांधा साफ करून दोन दिवस सुकवा. बारीक ब्रशने फक्त सांध्यावर लावा, टाइलवर गेलेला ५ ते १० मिनिटांत पुसा, नाहीतर चिकट डाग राहतो. थेंबाची चाचणी वर्षातून एकदा करा; पाणी मुरलं की पुन्हा हात द्या. मळकट सांध्यावर सीलर लावायची घाई करू नका, मळ आतच बंद होतो.

रोज शेवटच्या आंघोळीनंतर वायपर मारा, बादली उचलून स्टुलावर ठेवा, पंधरा मिनिटं एक्झॉस्ट चालू ठेवा. आठवड्यातून एकदा गरम पाणी, लिक्विड आणि ब्रश. सोड्याचा हात दोन महिन्यांतून एकदा पुरतो.

आता तो लोणा धरलेला सांधा. बाथरूम दोन-तीन दिवस अजिबात वापरू नका. सांधा सुकला तर वापराचं पाणी खाली मुरून वर येतंय. तरीही ओलाच राहिला तर एखादी पाइप गळतेय, प्लंबरला बोलवा. खालच्या मजल्याच्या छताला ओल आली असेल तर वरून सांधे भरून ती थांबत नाही, कारण ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी अडवायचा थर टाइलखाली असतो आणि तो फुटला असेल तर फरशी काढूनच दुरुस्त होतो.

उरलेलं ग्राउट हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्यावरचा रंगाचा क्रमांक डब्यावर लिहा. एखादा सांधा नंतर सुटला तर रंग जुळवायला तोच क्रमांक लागतो.